मापाचा ब्लाउज

शिवणक्लासला जाणाऱ्या बाईकडे दोनच गोष्टी साठतात: चिंध्या आणि किस्से. चिंध्यांच्या मी गोधड्या केल्या. किस्से मात्र अजून पिशवीतच आहेत, एक ओढला की चार बाहेर येतात!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लेक दीड वर्षाची होती. कोडोलीहून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्ती म्हणते. नातीचा रेडिमेड फ्रॉक दोन बोटांत धरून म्हणाल्या, "सून बी.एस्सी. हाय म्हणं, अन् पोरीला झबलं इकतचं?"

आत्तींनी माझ्या चहाला कधी बरं म्हटलं नव्हतं, भाकरीला नाही, लेकीच्या बाळशाला तर नाहीच. निदान शिवणाला तरी "बरं हाय" म्हणावं, एवढ्यासाठी मी राजारामपुरीतल्या शिंदेबाईंच्या क्लासला नाव घातलं.

*

पहिलं झबलं. बाईंनी वर्तमानपत्रावर कागदी कटिंग करायला लावलं. माप बरोबर घेतलं होतं हो! पण मग मनात आलं, गळा आवळला तर? वाढवला एक इंच. काखेत काचलं तर? तिथंही एक इंच. आणि पोरगी वाढणारच की, घेरात आणखी दोन!

बाईंनी झबलं खिडकीसमोर धरलं. खोलीत अंधार झाला.

"माप पोरीचं घेतलंस, का तुझ्या काळजीचं?"

मी झबल्याची घडी घालायला लागले.

"असू दे, असू दे. लग्नात घालंल ती!"

*

क्लासात शोभाक्का होत्या, गडहिंग्लजकडच्या. कमरेला टेप लावली की त्या श्वास ओढून पोट आत घ्यायच्या.

"अक्का, श्वास सोडा की."

"सोडला की माप वाढतंय!"

शेवटी बाईंनी हात टेकले, त्याच मापानं ब्लाउज झाला. अक्का तो घालून भाच्याच्या लग्नाला गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं, "कसं झालं लग्न?"

"उभ्यानंच झालं. जेवलेबी न्हाय," अक्का म्हणाल्या. "पण फोटो बघा की, झक्कास आलाय!"

*

एकदा मी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "आता दोन उजव्या काप. दोन ब्लाउज होतील."

कापल्या. त्याही डाव्याच निघाल्या!

*

यांचा शर्ट पाठीत ओढायचा, म्हणून पाठीचा पॅटर्न रुंद करायला घेतला. रविवारी सकाळी यांना उभं केलं आणि वर्तमानपत्रातून कापलेली पाठ टाचण्यांनी बनियनला टाचली. तेवढ्यात लेक रडली. मी आत पळाले. इकडे बेल वाजली. यांनी तसंच जाऊन दार उघडलं, दूधवाला होता. हे भांडं आणायला वळले आणि मागून आवाज आला,

"सायेब, हलू नगा! कुस्तीचा निकाल वाचतोय!"

हे हलले नाहीत. टाचण्या होत्या ना!

*

दिवाळीच्या आधी आत्ती पुन्हा आल्या, या वेळी ब्लाउजपीस घेऊन. वर आपला जुना ब्लाउज टाकला. "मापाला ह्यो घे."

त्याच मापाचा अंगावरचा ब्लाउज त्यांना पाठीत घट्ट होतो, काखेत काचतो, हे मला दिसत होतं. मी टेप काढली.

"मला काय मोजतीस? बाजारची म्हस हाय का मी?"

मग काय, अंदाजानंच पॅटर्न बदलला. पाठ अर्धा इंच वाढवली, काखेतला मुंढा थोडा खोल घेतला. कापताना लेकीनं कागद ओढला. मी सरळ केला, म्हणजे तसं मला वाटलं. शिवून झाल्यावर बघते तर डावा खांदा खाली! कापलेलं कापड परत कुठून जोडणार?

आत्तींनी ब्लाउज घातला. आरशात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हं."

एवढंच! ब्लाउज पिशवीत टाकला आणि कोडोलीची एस.टी. धरली.

मी यांना विचारलं, "हं म्हणजे काय हो?"

"मला तरी कुठं कळलंय अजून?"

त्या ब्लाउजचं आत्तींनी गोठ्यात पोतेरं केलं असणार, अशी माझी खात्रीच झाली.

उन्हाळ्यात कोडोलीला गेलो. एस.टी. स्टँडवरच आत्तींचा टेलर भेटला, म्हणाला, "वैनी, जरा दुकानात या की." आत गेले तर मशीनवर माझा तो ब्लाउज!

"तुमीच शिवलाय न्हवं ह्यो? काकींनी चार कापडं टाकल्यात, अन् मापाला ह्यो दिलाय. डावा खांदा खाली हाय, सरळ करतो म्हटलं, तर माझ्यावरच खवळल्या की!"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, डोस्कं चालवू नगंस, हाय तसंच शिव." त्यानं खडू माझ्यापुढं धरला. "सगळी हयात सरळ कापण्यात गेली, वैनी. ह्यो वाकडा कापायचा कसा, तेवढं दाखवा की!"