पाण्याचा रंग मुलांनी आणायचा

१२ डिसेंबर १९८७, शनिवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि नाल्याच्या पाण्याचा नमुना घेऊन डोंबिवलीतल्या एका बालवर्गाच्या दारात उभी होते. वर्गाच्या शिक्षिकेने, सगळे त्यांना खाडीच्या बाई म्हणत, माझ्या हातातली बाटली घेतली, उजेडात धरली आणि वर्गाला विचारले, "या रंगाचा खडू कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे गुलाबी आहे," एक मुलगी म्हणाली. "पण बाई, काल नाला हिरवा होता."

"मग दोन्ही काढ. डावीकडे काल, उजवीकडे आज."

बघितल्याशिवाय रंग द्यायचा नाही, हा बाईंचा नियम. इतर वर्गांत निळा खडू सर्वांत आधी झिजे. बाईंच्या वर्गात तो वर्षअखेरीसही जवळजवळ अखंड असे. त्या खाडीकाठच्या कोळी घरातल्या. वडिलांच्या जाळ्यात बोय मिळे, हा मासा त्यांच्या बालपणीचा रोजचा. पुढे जाळ्याला तेलाचा वास येऊ लागला आणि वडिलांनी होडी विकली. हे बाई कधी रडून सांगत नसत. "बोय बिचारी शहाणी, ती निघून गेली," एवढेच म्हणत.

मुलांसाठी नाल्याच्या चित्रांचे पुस्तक करायचे त्यांच्या मनात होते आणि शास्त्र तपासायला मी हवी होते, म्हणूनच त्यांनी मला नमुना घेऊन बोलावले होते. मी मेलेल्या माशांचे चित्र सुचवले. त्यांनी ते पहिल्याच बैठकीत उडवून लावले. "पाच वर्षांचं पोर ते बघून रडेल, आणि उद्यापासून नाल्याकडे बघणारच नाही. मला ते बघायला हवंय." म्हणून गोष्ट ठरली ती खाडीतून नाल्याने वर, मुलांच्या शाळेपर्यंत येऊ पाहणाऱ्या बोयीची. माशाला नीट जगायला लिटरभर पाण्यात साधारण चार मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला लागतो, आणि माझ्या नमुन्यात तो शून्य आहे, हे मी त्यांना समजावले.

"म्हणजे बोय कुठवर आलीय?"

"ती निघालेलीच नाही, बाई."

पुढे मी नाल्याच्या मुखाशी नमुना घेतला की त्यांचा प्रश्न हाच असे.

अडचण आली ती शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांकडून. बाईंनी रंगवलेली पाने त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "बाई, निम्मे पालक त्या रंगाच्या कारखान्यांत नोकरीला आहेत. त्यांच्या पोटावर पाय देऊ नका. पाणी निळं छापा, नाहीतर पुस्तक नको." ते दुष्ट नव्हते, त्यांची भीती खरी होती. मी मात्र संतापून आकडेवारीसह निवेदन लिहायला घेतले. बाईंनी माझे पेन काढून घेतले. "शास्त्रज्ञबाई, खोटं आपण छापणार नाही. आणि खरं छापू देत नाहीत. मग पाणी छापायचंच नाही."

छपाईची नमुना प्रत पाहून सचिवांनी विचारले, "पाणी कुठंय?"

"सर, ते मुलं आणणार आहेत."

पुस्तक तसेच निघाले. झाडे, घरे, चिंबोरी, बोय यांना रंग होते. पाण्याच्या जागी कोरा कागद. शनिवारी मूल आपल्या आईवडिलांबरोबर नाला पाहून येई आणि सोमवारी पान रंगवी. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाचे वडील, कारखान्याचा गणवेश अंगावर असलेले, पुस्तक घेऊन वर्गात आले. सचिव त्यांच्या मागोमाग धावले.

"बाई, ह्यानं हिरवा चुकीचा लावलाय," ते गृहस्थ म्हणाले. "आमच्याकडचा जरा काळपट असतो." आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून त्यांनी हिरव्यावर काळा खडू हलक्या हाताने घासून दाखवला.

सचिव दारातूनच परतले. बाईंनी त्या वडिलांना दुसरा काळा खडू दिला.

निवृत्तीनंतर बाई ठाण्याला, वर्तकनगरात मुलाकडे राहायला गेल्या. मी संशोधनात शिरले, पण दर हिवाळ्यातला एक नमुना सोडला नाही. बाईंचे आजारपण वाढले तेव्हा भेटायला गेले. आवाज खोल गेला होता; प्रश्न तोच.

"अजून शून्याच्या आसपासच," मी म्हणाले. खोटे सांगण्याची मुभा त्या घरात कोणालाच नव्हती.

"बरं. तू विचारत राहा हो तिला."

त्याच महिन्यात बाई गेल्या. पुढच्या डिसेंबरात, पूर्ण भरतीच्या वेळी, मी नाल्याच्या मुखाशी नमुना घेतला. पाणी भरतीने पातळ झालेले असणार. एका मोजमापावरून निष्कर्ष काढू नये, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. म्हणून प्राणवायूची चाचणी पुन्हा केली; शून्य नव्हते, आकडा पहिलाच आला. घरी येऊन पुस्तकाची माझी प्रत उघडली. पाण्याचे पान माझ्याकडे अजून कोरेच होते. त्यावर, बोयीच्या डोक्याजवळ, पेन्सिलने लिहिले: १.४.