हेस्टर पबात शिरली त्या दिवसाची गोष्ट

हेस्टर अंगानं काटकुळी, पण हट्टाला भारी. वय एकोणऐंशी. मेंढरं विकली, कुत्रा तेवढा ठेवला. मतदान असलं की सकाळी सातला गावच्या हॉलच्या दारात पहिली हीच, कागदावर पेन्सिलीनं फुली मारायला. आणि बाई चॅपलवाली, दारूला पाप मानणाऱ्या कडक पंथातली, बरं का! सात वर्षांची असताना आईसमोर शपथ घेतलेली, पबचा उंबरा ओलांडणार नाही म्हणून. उभ्या जन्मात ओलांडला नाही.

तर झालं काय, गावच्या हॉलचं छप्पर बसलं. मतदानाच्या हापिसातून कागद आला, ह्या स्केलबेक गावच्या लोकांनी यंदा डोंगरापलीकडे ऑर्मथॉर्पला जाऊन मत द्यावं. अंतर तीन मैल.

शेजारच्या विल्फला हसू आवरेना. गावातला एकुलता एक पब त्याचाच. म्हणाला, "तीन मैल उडत जाणाऱ्या कावळ्याला गं! आपल्याला वळसा घालून एकोणीस. बस मंगळवारी, मतदान गुरुवारी. जाऊ दे की, एक खेप नाही दिलं मत तर काय बिघडतंय?"

"एकदा गप बसलो की म्हणतील, ह्यांना नकोच आहे. मग गेलंच मतदान गावातनं कायमचं."

तिनं लावला हापिसात फोन. तिकडून तिथले गिल्बी साहेब म्हणतात, "अहो बाई, नकाशावर वाट दिसतेय की डोंगरावरून."

"आहे ना वाट. या, दाखवते."

आला बिचारा, चकचकीत बूट घालून. ही काठी टेकत पुढं, तो मागं. चढता चढता हिनं सांगितलं, "पूर्वी गावात पुरायला जागा नव्हती, तेव्हा मढी ह्या वाटेनं पलीकडे न्यायचे. मढी कुरकुरत नाहीत साहेब. पण मतंही देत नाहीत."

तेवढ्यात साहेबांचा पाय दलदलीत गुडघ्यापर्यंत गेला. पाय निघाला, बूट राहिला.

"परत फिरूया का हो?"

"आत्ताच? निम्मी वाट पण नाही झाली. मत कुठं टाकलंय अजून?"

पुढं एक सपाट दगड आहे, मढं टेकवायचा. त्याच्यावर तो मटकन बसला. हिनं थर्मासमधला चहा दिला.

"पटलं हो बाई, पटलं. पण पेटी ठेवू कुठं? हॉल तर बंद. गावात दुसरी मोठी खोली..."

"विल्फच्या पबात," हीच बोलली. मग कितीतरी वेळ हातातला कप नुसता फिरवत बसली. आई डोळ्यांपुढं आली असेल. शेवटी उठली, स्कर्ट झटकला. "ठेवा तिथंच. येते मी."

गुरुवारी सातला कुत्रा बाहेर बांधला, डोक्याचा रुमाल नीट केला आणि टाकला पाय उंबऱ्याच्या आत. बघते तर विल्फनं सगळ्या बाटल्यांवर पांढऱ्या चादरी घातलेल्या. पेटीमागं गिल्बी साहेब, नव्या बुटांत.

सगळं करून विल्फची चेष्टेची खोड जातेय होय! म्हणाला, "काय देऊ, हेस्टर?"

"पेन्सिल," ती म्हणाली.