सायलीच्या रस्त्यावरचा ओटा

नव्वदच्या दशकात मी सिल्वासाला हवा तपासायच्या कामावर होते. मूळची रत्नागिरीची, नोकरीमुळे तिकडे गेलेली. काम साधं होतं. रस्त्याकडेला यंत्र ठेवायचं. ते हवा आत ओढायचं आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसायची. मग तो कागद प्रयोगशाळेत नेऊन तोलायचा.

यंत्राला वीज लागे. जवळच्या सायली गावाच्या रस्त्यावर, जिथून कारखान्यांचे ट्रक दिवसभर जात, तिथे एका बाईंनी आपला ओटा दिला. त्या धुळ्याकडच्या. नवरा कारखान्यात, आणि त्या पुढच्या खोलीत दारापाशी बसून कपडे शिवत. मी त्यांना वहिनी म्हणू लागले. यंत्राची घरघर ऐकून पहिल्याच दिवशी शेजारीण ज्वारीचा डबा घेऊन आली, चक्की सुरू झाली समजून. वहिनी हसता हसता खोकू लागल्या आणि तो खोकला बराच वेळ थांबेना.

पुढे मी जायचे तेव्हा तो खोकला ऐकू यायचा. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, पण तेवढ्यापुरतं बरं वाटे. एकदा मी कागद काढत असताना त्यांनी निकाल विचारला. मी म्हटलं, धूळ मर्यादेत आहे. त्यांनी त्या काळ्या पडलेल्या कागदाकडे पाहिलं.

"मग ताई, मला का खोकला येतो?"

मी त्यांच्याजवळ बसले. सांगितलं की आमचं यंत्र धुळीचं वजन सांगतं. ट्रकच्या धुरातले सगळ्यात बारीक कण इतके हलके असतात की त्यांनी वजनात फरकच पडत नाही. ते मोजायचं साधन आमच्याकडे नाही. पण ते छातीत खोल जातात, आणि रस्त्यापासून आत जावं तसे कमी होतात, एवढं मी वाचलं होतं. म्हणून म्हटलं, शिवणकाम मागच्या खोलीत न्या.

त्या म्हणाल्या, मागच्या खोलीत अंधार आहे, सुईत दोरा कसा ओवणार?

ते खरंच होतं. मागच्या खोलीत उजेड यावा म्हणून छपराला हात लावू द्या, असं मी घरमालकाकडे जाऊन समजावलं. तो तयार झाला. सुट्टीच्या दिवशी वहिनींच्या नवऱ्याने मागच्या छपरात काचेची दोन कौलं बसवली, मी खालून हातात देत होते. शिलाई मशीन आत गेलं. गिऱ्हाईक आत येईना म्हणून काही दिवस वहिनी नाराज होत्या. मग त्यांनी दारावर शिवलेला एक परकर टांगला, आणि बायका हाका मारत आत येऊ लागल्या.

खोकला पूर्ण गेला नाही. पण रात्रीची झोप लागायला लागली, असं त्यांचा नवराच मला सांगायचा. अहवालात मला धूळ मर्यादेत असल्याचंच लिहावं लागलं. त्याखाली, कोणी विचारलं नव्हतं तरी, मी लिहिलं की या रस्त्यावरच्या घरांत राहणारी माणसं खोकतात आणि त्याचं कारण या यंत्रात सापडणार नाही. साहेबांनी ते वाचलं, पण खोडलं नाही.

माझी बदली झाली तेव्हा वहिनींनी मला ब्लाऊज शिवून दिला. मापं घेताना त्या एकदाही खोकल्या नाहीत, म्हणून मी उगाच जरा जास्त वेळ उभी राहिले.