न्हाऊन बसलेली आई

गेल्या नवरात्राच्या आधी महिनाभर मी देवापुढे हात जोडणं बंद केलं होतं. रागाने नव्हे. दिवा लावत होते, उदबत्ती लावत होते, फुलंही घालत होते. पण मागायचं काय तेच ठरत नव्हतं, आणि काही न मागता देवापुढे नुसतं उभं राहणं मला कधी जमलेलं नाही. आम्ही कोल्हापूरची माणसं, देवाशीसुद्धा रोखठोक. हे दे, ते दे, आणि नसेल द्यायचं तर तसं सांग. त्या दिवसांत मात्र देव्हाऱ्यासमोर गेलं की माझी मान आपोआप दुसरीकडे वळायची.

मुलं लहान असताना माझ्या डाव्या बाजूला गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, स्तन काढला, विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला आणि काढलेल्या जागी डॉक्टरांनी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. त्या पिशवीने माझी खूप वर्षं इमानेइतबारे सोबत केली, हे मी नाकारणार नाही. मी शिवाजी पेठेत राहते आणि नवऱ्या मुलींना साडी नेसवायचं काम करते. दिवसभर हात वर, तोंडात पिना, समोर आरसा. कुणाला कधी संशय आला नाही. एका बाईने तर ‘तुमचं ब्लाउज कोण शिवतं हो, काय छान बसलंय’ असं विचारलं होतं, तेव्हा मला आतून हसू फुटलं होतं. मग अलीकडे ती बाजू हळूहळू दगडासारखी घट्ट झाली, वर सरकली आणि रात्री कूस बदलली की कळ मारायला लागली. तपासणीत कळलं की आतली पिशवी फाटली आहे. ती काढावीच लागणार होती.

माझ्या डॉक्टरबाई फार नीट बोलतात. त्यांनी कागदावर चित्रं काढून समजावलं. पिशवी आणि तिच्याभोवती तयार झालेलं कडक आवरण काढलं की कातडी सैल पडते, सुरकुतते, मध्ये खळगा दिसतो. मग पुढे काय, त्याच्या निरनिराळ्या वाटा होत्या. नवी पिशवी बसवता येते, पण शेक घेतलेली कातडी पातळ झालेली, ती पुन्हा आवळणार नाही याची खात्री नाही. पोटाची नाहीतर पाठीची कातडी-चरबी आणून तिथे घडवता येतं. ते आयुष्यभर टिकतं, पण ऑपरेशन लांबलचक आणि जखमा दोन जागी. पोटाची चरबी सुईने थोडी थोडी, अनेक खेपांना भरता येते. किंवा जास्तीची कातडी काढून, नीट शिवून, ती बाजू सपाट ठेवता येते. हवी तर उजवी बाजू लहान करून उचलून घेता येते, म्हणजे फरक कमी दिसतो. ‘घाई नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण पोटाच्या ऑपरेशनचा विचार करत असाल तर तुमची शुगर लक्षात घ्या. जखम भरायला त्रास होऊ शकतो.’

मला पोटाचंच हवं होतं. सपाट हा शब्द त्यांनी उच्चारला तेव्हाच मी मनातून त्यावर काट मारली होती. ह्यांना विचारलं तर म्हणाले, ‘तुला पटंल ते कर.’ असल्या उत्तराचा मला भारी संताप येतो. हे एकेकाळी पेठेच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. अंगावर येणाऱ्या चेंडूपुढे कधी मान वळवली नाही या माणसाने. पण पहिल्या ऑपरेशननंतर पट्टी निघाली त्या दिवशी मी ह्यांना ‘बघू नका’ म्हणाले होते, आणि ते ह्यांनी वेदवाक्य मानलं. तेव्हापासून मी न्हाणीघरातून बाहेर आले की हे खिडकीकडे तोंड करून उभे राहतात. पिशवी आल्यावरसुद्धा तसंच. किती चांगुलपणा म्हणायचा हा, आणि त्याने किती एकटं वाटतं, हे मी कुणाला सांगणार होते?

शेवटी ठरवलं की कौल लावायचा. माझं माहेर नेसरी. गावाबाहेर उसाची शेतं संपली की माळ लागतो, तिथे चार भिंती आणि वर पत्रा अशी आमच्या भावकीची देवी आहे. आम्ही तिला नुसतं आई म्हणतो. मूर्ती नाही, तांदळा आहे. डोळे नाहीत, हात नाहीत, शेंदराने लाल झालेला एक उभा दगड. नवरात्रात रोज एका घराकडे पूजा असते आणि पाचवी माळ लेकींची. त्या दिवशी भावकीतली वडीलधारी माहेरवाशीण देवीची पूजा बांधते. पूर्वी माझी आत्ती, वडिलांची बहीण, बांधायची, आता ते काम माझ्याकडे आहे. पूजा झाली की दगडाला फूल चिकटवून कौल मागायचा. उजवीकडे पडलं तर होकार, म्हणजे पोटाचं ऑपरेशन. डावीकडे पडलं तर नकार. देवीनेच काय ते ठरवावं आणि मला मोकळं करावं, असा माझा सरळ हिशेब होता.

चौथ्या माळेला संध्याकाळी एसटीने नेसरीला उतरले आणि त्या गावाच्या वासानेच माझं अर्धं दुखणं पळालं. गुऱ्हाळ अजून सुरू झालं नव्हतं, पण मला मात्र लहानपणीचा गुळाचा वास येत होता. आत्तीचं बोट धरून मी पाचव्या माळेला पहाटे माळावर जायची. तिचं जुनं लुगडं दवाने खालून ओलं व्हायचं. माझं काम पिना आणि दोरे हातात द्यायचं. दगडाची आई करायची म्हणजे कसब लागतं. वर पितळी मुखवटा बांधायचा, खांद्यांसाठी कापडाची वळकटी, छातीसाठी शेवरीचा कापूस भरलेल्या दोन लहान उशा, त्यावर खणाची चोळी आणि मग साडी. त्या उशा आत्तीने स्वतःच्या लुगड्याच्या तुकड्यातून शिवलेल्या. ‘खालनं उचलून बांध गं,’ ती मला दटावायची, ‘न्हाईतर आई उतरल्यागत दिसती.’ पदर सोडून ती दोन पावलं मागे यायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, ‘आता कशी भरल्याली दिसतीया बघ!’ साडी नेसवायचं माझं सगळं शिक्षण तिथलंच. डॉक्टरबाई कागदावर पेनाने रेघा मारत होत्या तेव्हा मला आत्तीच आठवत होती. आत्ती असती तर मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते.

सकाळी वहिनी आणि मी माळावर गेलो. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको, बोलायला फटकळ आणि मनाने लोणी. कापडांची पेटी ठेवून ती ओटीचं सामान आणायला घरी गेली. मी आदल्या दिवशीची पूजा उतरवली, आईला दूध-दह्याने आणि मग पाण्याने अंघोळ घातली, पुसलं आणि पेटी उघडली. आत कापसाचा नुसता धिंगाणा. उंदराने एक उशी पार फाडून टाकली होती. दुसरी मात्र जशीच्या तशी.

उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन, त्याला काय बोलणार? एका बाजूला उशी लावून पाहिली. देवी माझ्यासारखीच दिसायला लागली, म्हणजे पिशवी काढल्यावर मी दिसणार होते तशी. मी उशी काढली आणि तिथेच जमिनीवर बसून हुंदके देऊन रडले. कोण रडतंय, कशासाठी रडतंय, मलाच कळेना. आईची पूजा मोडली म्हणून की माझं अंग मोडलं म्हणून?

पूजा बांधताना दाराला ओढतात तो पडदा ओढायचंही भान राहिलं नव्हतं. दारात कुणीतरी ‘यव्वा’ म्हणालं म्हणून वळून पाहिलं. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी बाई उंबऱ्यात उभी होती. बोलण्यातल्या कानडी हेलावरून सीमेपलीकडची वाटत होती. मी घाईने डोळे पुसले.

‘मावशी, जरा थांबा की. पूजा बांधायची हाय अजून. मग दर्शन घ्या.’

‘नको गं अक्का,’ ती गाठोडं खाली ठेवत म्हणाली. ‘अशीच बघायला म्हणून लवकर आलो मी. नटल्याली समद्यास्नी दिसती. न्हाऊन बसल्याली आई घरच्यालाच दिसती.’

आणि तिने त्या उघड्या, ओल्या दगडासमोर डोकं टेकलं. ‘अव्वा,’ एवढंच म्हणाली, कानडीत आई. आपल्या घरात आई न्हाऊन केस वाळवत बसलेली असावी आणि लेकीने येऊन तिच्या पायाशी बसावं, तशी ती बसली. मीसुद्धा पाहिलं मग. लहानपणापासून कितीतरी पाचव्या माळांना त्या दगडाची अंघोळ मी पाहिली होती, पुढे स्वतः घातली होती, पण मी नेहमी पुढच्या कामाच्या घाईत. आज पहिल्यांदा नुसती पाहत बसले. ना छाती, ना खांदे, ना डोळे. आणि तरी तिच्याकडे पाहताना आई हाच शब्द मनात येत होता, दुसरा येतच नव्हता. माझ्या छातीतली कळ थांबली असं मी म्हणणार नाही, ती होतीच. पण महिनाभर वळत असलेली माझी मान त्या दिवशी वळली नाही.

मग मी उशीविना पूजा बांधली. निऱ्या घालताना साडीचं दुसरं टोक त्या बाईने धरलं. काम झाल्यावर तिने कपाळाला भंडारा लावला, गाठोडं उचललं आणि निघाली. कुठल्या म्हणून विचारलं तर हात लांबवून म्हणाली, ‘तिकडची.’ वहिनी येईपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. कुणाच्या घरी पाहुणी आली असेल, कुठल्या यात्रेला निघाली असेल. मी चौकशी केली नाही. देवाने दिलेल्याची पावती मागू नये.

आरतीला भावकी जमली. एक चुलती आल्या आल्या म्हणाली, ‘अगं, आई यंदा वाळलीया व्हय?’ पण तिनेच जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘शांत दिसतीया पर. लई शांत.’ मग तिने इतरांसारखीच ओटी भरली. आमच्यातली एक नवी बाळंतीण लेकराला घेऊन पुढे आली, त्याला देवीच्या पायाशी ठेवून म्हणाली, ‘माझ्या लेकराला पदराखाली घे, आई.’ त्या सपाट पदराकडे पाहून ती हे मागत होती, आणि तिला काहीच कमी वाटत नव्हतं. मी खांबाला टेकून उभी राहिले, डोळे भरून वाहत होते आणि मी ते पुसलेही नाहीत.

पेटी आवरताना पाहिलं तर कौलासाठी निवडलेलं शेवंतीचं फूल ताटात तसंच पडलं होतं. कौल लावायचा राहूनच गेला होता. ते फूल मी माझ्या अंबाड्यात खोवलं. उरलेली उशी वहिनीने माझ्या हातात कोंबली. ‘एकटी उशी देवीला ठेवून काय करू? परसाद म्हणून न्या तुम्ही. मी नवी जोडी शिवतो.’

कोल्हापूरला परतल्यावर डॉक्टरबाईंना सांगितलं, आवरणासकट सगळं काढा आणि नीट शिवून सपाट करा. त्यांनी दोनदा विचारलं. पुढे मन बदललं तर चरबी भरायची किंवा पोटाची वाट खुली राहील, तेही सांगितलं. ज्या बायका ती वाट धरतात त्यांना मी नावं ठेवणार नाही. आयुष्यभर मी नवऱ्याच नटवत आले, नटण्याची हौस मला कळते. माझ्यापुरतं इतकंच उमगलं की नटणं आपल्या हातात आहे आणि असणं आईच्या.

सुरुवातीला ती बाजू सुजलेली, काळीनिळी होती, काखेजवळ चुण्या पडल्या होत्या. काही महिन्यांनी सूज उतरली, व्रणाची एक तिरकी रेघ राहिली आणि बरगड्यांवर उथळ खळगा. सुंदर आहे असं म्हणणार नाही, पण दुखत नाही आणि मी कुशीवर झोपते. लग्नाचं काम असलं की ब्लाउजात आईची उशी घालते, घरी आले की काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवते. देवापुढे आता हात जोडते आणि पुष्कळदा काहीच मागत नाही. जमायला लागलं आहे.

टाके पूर्ण भरल्यावर पहिल्यांदा मनसोक्त अंघोळ केली, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. न्हाणीघराचं दार उघडलं. हे सवयीप्रमाणे खिडकीकडे वळून उभे होते, हातात माझा टॉवेल. केसांतून पाणी गळत होतं. मी तशीच उभी राहिले.

‘अहो,’ म्हटलं, ‘बघा की इकडं. न्हाऊन आलीया मी.’

ते हळूच वळले.