खाऱ्याचा बांध

माझे सासरे गुणाजी यांनी उभा जन्म मिठागरात काढला. पेणच्या खाली, खाडीला लागून. मिठागर शेठचं, राबणं यांचं. आयुष्यात पहिल्यांदा चपला घातल्या त्या माझ्या लग्नात, आणि पंगतीला बसताना काढल्या त्या तिथंच विसरून अनवाणी घरी गेले. बोलणं मोजकंच. मी पडलो बडबड्या, त्यामुळे आमचं बरं जमायचं. मी त्यांना मामा म्हणायचो.

मिठागर बंद पडलं तेव्हा मालूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, बापाला पेणला, रामवाडीत आमच्या घरी आणलं. सासूबाई आधीच गेलेल्या. मामांना दम्याचा त्रास, आणि खाडीवरच्या त्या झोपडीत रात्री-अपरात्री काही झालं तर हाक मारायला माणूस नाही. मामा आले, आणि त्यांच्या मागून एक मातकट रंगाचा कुत्रा आला. त्याचं नाव खाऱ्या.

या खाऱ्याचं तिथलं काम आधी सांगायला हवं. मिठागराला खाडीच्या बाजूनं मातीचा बांध असतो. भरतीला पाणी त्याला येऊन टेकतं. चिंबोऱ्या, म्हणजे आपले खेकडे, त्या बांधात बिळं पाडतात. एका बिळातून पाणी झिरपायला लागलं की बघता बघता बांधाला खांड पडते आणि तयार मीठ वाहून जातं. म्हणून दर भरतीला मामा बांधावरून फेरी मारायचे, आणि त्यांच्या पुढं खाऱ्या. पाणी कुठून आत येतंय ते तो नाकानं हुडकायचा, तिथं थांबून माती उकरायचा. मामा चिखलाचा गोळा ठोसून बीळ बुजवायचे. खाऱ्या पिल्लू होता तेव्हापासून हेच चाललेलं. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मला इतकंच दिसत होतं की घरात एक खाणारं तोंड वाढलंय, आणि ते चपला खातंय.

चपलाच काय, त्यानं केरसुणी खाल्ली, मोरीचा पाट कुरतडला, स्वतःचा पुढचा पाय चाटून चाटून लाल केला. मध्येच भूत दिसल्यासारखा उठायचा, साखळीला हिसके द्यायचा आणि अर्धा-पाऊण तास असा ओरडायचा की आळीतली पोरं घरात पळायची. मी रोह्याजवळ धाटावला कंपनीत कामाला. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. रोह्याच्या एसटीत खांब गाव येईपर्यंत माझा डोळा लागलेला असायचा, आणि घरी येऊन जरा पाठ टेकावी तर याचा सनईचौघडा सुरू. मी त्याला चेंडू आणून दिला. चेंडू फेकला की तो आधी चेंडूकडं बघायचा, मग माझ्याकडं, आणि तोंड फिरवून बसायचा. मालूनं नारळाच्या करवंटीत सुकट लपवून ठेवली. पहिल्या दिवशी शोधली, दुसऱ्या दिवशी करवंटीच फोडून खाल्ली. पोटाला काही कमी नव्हतं. त्याच्या डोक्याला खायला काय घालायचं, ते आम्हाला कळत नव्हतं.

मामाही त्याच्यासारखेच झाले होते. पायरीवर बसायचे आणि रस्त्याकडं बघायचे.

त्यात शेजारच्या रंभावहिनींनी शोध लावला. कुत्रा अमावस्येला आणि पुनवेला बरोबर भर बाराच्या ठोक्याला पिसाळतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता अमावस्या, पुनव आणि भर दुपारचे बारा, म्हटल्यावर कोणाला सांगायला लागतंय? "झपाटलाय तो! खाडीच्या खाजणातून कायतरी घेऊन आलाय," असं आळीभर झालं. लिंबू उतरवून झालं, मिरच्या उतरवून झाल्या. शेवटी चार माणसं ओटीवर येऊन बसली. वाईट बोलली नाहीत, पण पोराबाळांची आळी आहे, येत्या पुनवेनंतर हा कुत्रा इथं नको, असं ठरवून उठली.

मामा एवढंच बोलले, "कुत्रा जाल तर मीव जाईन. झोपरी हाय माजी."

मालूनं पाय धरायचे बाकी ठेवले. झोपडीचं अर्धं छप्पर वाऱ्यानं गेलेलं, प्यायच्या पाण्याला दोन बांध ओलांडून जायचं, आणि बापाला दहा पावलं चाललं की धाप लागते. तिकडं गेले तर आपला बाप पावसाळा बघणार नाही, हे ती मला रोज सांगायची आणि रोज रडायची. मामांनी मात्र आपलं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं. आगरी माणूस एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी व्हय म्हणत नाही.

पुनव दोन दिवसांवर आली होती. माझी रात्रपाळी चाललेली. सकाळी येऊन चहा घेतला, आडवा झालो, डोळा लागला, आणि खाऱ्यानं तोंड उघडलं. मी उठून बाहेर आलो आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोललो.

"परवा मी एसटीतून उतरलो तेव्हा ओरडत होता. काल चहा पीत होतो तेव्हा ओरडला. आज झोपल्यावर! याचीपण शिफ्ट बदलते काय, मामा? रोज आपला थोडा थोडा उशिरा!"

मामांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"मालू, आज तिथी कंची गो?"

मालूनं आतून कॅलेंडर बघून सांगितलं, "त्रयोदशी."

मामांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग ते खाऱ्याकडं वळले.

"भरती हाय रं. खारीला पानी चरतंय. ह्यो मना फेरीला बोलवतंय."

खाडीकाठच्या माणसाला तिथीवरून भरती कळते, रोज ती थोडी उशिरा येते, अमावस्या-पुनवेला बाराच्या सुमाराला येते, हे मला ऐकून माहीत होतं. पण आमच्या घरून खाडी दिसत नाही. हायवेच्या गाड्यांत तिचा आवाज यायचा प्रश्नच नाही. मला कामावर जायला कंपनीचा भोंगा लागतो, घड्याळ लागतं, वर मालूच्या चार हाका लागतात. या मुक्या जनावराला कोण उठवत होतं? मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "मना नाय म्हायीत." अजूनही मला कोणी सांगू शकलेलं नाही.

"मीच इसरलो," मामा म्हणाले. "त्यो नाय इसरला."

त्या दुपारी मी झोपलो नाही. परसात आम्ही बांध घातला. मामा बसून सांगत होते, मी फावडं मारत होतो, मालू पेंढा मिसळून चिखल तुडवत होती. गुडघाभर उंच, परसाला अर्धा वेढा घालणारा. बाहेरच्या अंगाला चर खणून त्यात विहिरीचं पाणी सोडायचं, आणि बांधाला काठीनं एक बीळ पाडून त्यात चिंबोरीची नांगी कोंबायची, असा मामांचा बेत. बीळ रोज नव्या जागी हवं, असं त्यांनी मला बजावलं. "कालचं बील आज दावलास तर तोंड फिरवल. त्याला येडा समजू नको."

पुनवेच्या दिवशी बाराच्या आधीच रंभावहिनी आणि निम्मी आळी कुंपणाशी येऊन उभी. वहिनींच्या मुठीत मीठ-मोहऱ्या. चरात पाणी भरलेलं होतं. थोड्या वेळानं खाऱ्या उठला, थरथरला आणि त्यानं पहिली आरोळी ठोकली. बायका मागं सरल्या. मामांनी जाऊन त्याची साखळी सोडली.

तो सुटला तो थेट बांधावर. आणि तिथं पाय टेकताच गप्प झाला. नाक खाली, शेपूट ताठ, एकेक पाऊल टाकत तो निघाला, आणि मामा त्याच्या मागून. मामांनी पाडलेल्या बिळाशी तो थांबला, उकरलं, वर बघितलं. मामांनी चिखलाचा गोळा ठोसला. लोक हसले, कोणीतरी टाळी वाजवली. मला वाटलं, झालं.

पण खाऱ्या पुढं निघाला. वळणावर, जिथं आम्ही काहीच केलं नव्हतं, तिथं पुन्हा थांबला आणि उकरायला लागला. मामांनी हाक मारली तरी हलेना. "आता लागलंय बगा," रंभावहिनी पुटपुटल्या आणि त्यांनी मूठ उचलली. मालूनं माझा दंड घट्ट धरला.

मामा धापा टाकत खाली बसले. त्यांनी बांधाच्या आतल्या अंगाला तळवा लावला, आणि ओला झालेला हात वर करून सगळ्यांना दाखवला.

"जावय, तुज्या बांधाला खांड परतेय."

ते माझं काम होतं. झोपेच्या डोळ्यांनी थापलेला चिखल आतून सुटला होता, आणि दिसायला वरून सगळं कोरडं. खाऱ्याला ते कळलं होतं. मी चिखल नेऊन दिला, मामांनी ते भोक बुजवलं, वरून थापटलं. खाऱ्यानं ते हुंगून पाहिलं, उरलेली फेरी पुरी केली आणि शेवग्याच्या सावलीत अंग टाकून झोपला. पुनवेला, भर दुपारी, शांत.

मुठीतल्या मीठ-मोहऱ्या रंभावहिनींनी कधी खाली सोडल्या, ते त्यांनाच कळलं नसावं. मग त्यांनी विचारलं,

"मामा, उद्या कवा फिरल ओ ह्यो?"

"उद्या जरा उशिरान," मामा हात धूत म्हणाले. "जेवनां आटपून या."

मालूनं माझा दंड सोडला. ती आत गेली, कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं आणि बापाचं एकेक धोतर झटकून दांडीवर टाकायला लागली.