सात सर्व्हरांचा एक डबा

लीलाधरला बुऱ्हाणपुरात लोक 'वेबसाइटवाला' म्हणत, आणि ते त्याला आवडायचं. केळीचे आडते, दोन शाळा, एक मंगल कार्यालय अशा साठेक जणांच्या वेबसाइट त्याच्या दुकानामागच्या खोलीतल्या सात जुन्या मशिनींवर चालायच्या. मशिनी तापायच्या, बंद पडायच्या. शेवटी त्याने एक दणकट सर्व्हर आणला. आता त्या एकाच्याच पोटात सात आभासी सर्व्हर चालणार होते. बाहेरच्याला सात दिसणार, खोलीत मात्र डबा एकच.

नव्या कामाला आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, मुहूर्त नाही, असं आपल्याकडे म्हणतात, आणि कॉम्प्युटर शिकला तरी लीलाधर मुहूर्ताच्या बाबतीत आईचाच मुलगा. सगळ्याची नक्कल, म्हणजे बॅकअप, ठेवायला वेगळं मशीन हवं होतं, ते वेळेत आलं नाही. मग मुहूर्त चुकायला नको म्हणून त्याने नकलेचा सर्व्हरही त्याच डब्यात बसवला. पुढे हलवू म्हणाला. डब्याला हळदकुंकू लागलं, सांजोऱ्या वाटून झाल्या, आणि हलवायचं राहून गेलं. चालत्या गाड्याला कोण खीळ घालतो!

त्याच महिन्यात सुनंदाबाई आल्या. त्यांनी लीलाधरला पाचवीत शिकवलं होतं. निंबोल्याला राहणाऱ्या त्यांच्या आईने, मालूबाईने, आखाजीला म्हणायची गौराईची बेचाळीस गाणी मोबाईलमध्ये म्हणून दिली होती. ती सगळी येणारी गावात एकटी तीच उरली होती. लीलाधरने गाणी वेबसाइटवर चढवली. मोबाईल गच्च भरलेला, म्हणून बाईंनी विचारलं, यातली काढून टाकू का?

"बिनधास्त काढा, बाई. माझ्याकडे दोन-दोन ठिकाणी आहेत."

ती दोन ठिकाणं कोणती, हे बाईंनी विचारलं नाही. आपल्या विद्यार्थ्याला असलं कोण विचारतं?

श्रावणात मालूबाई गेली. पुढच्याच महिन्यात एका सकाळी डब्याची डिस्क गेली आणि सातही सर्व्हर एकदम आडवे झाले, नकलेचा त्यांच्याबरोबरच. इंदूरच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले. लीलाधरने सगळ्यांना फोन करून सांगितलं, लाईटचा झटका बसला. आमच्याकडे लाईटच्या नावावर काहीही खपतं. आडत्यांनी दोन शिव्या हासडल्या, त्याही लाईटला, आणि आपले फोटो पुन्हा पाठवून दिले. पाचव्या-सहाव्या फोनपर्यंत तो इतका सराईत खोटं बोलू लागला, की त्याची त्यालाच किळस आली.

सुनंदाबाईंना फोन करायची मात्र हिंमत झाली नाही. आठव्या दिवशी त्याच आल्या. झटक्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. स्टुलावर बसल्या आणि उलट त्याचीच समजूत घालू लागल्या.

"तुझा काय दोष? मीच येडी. आईचा आवाज हातात होता, अन् मीच बोटानं पुसून टाकला."

लीलाधरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. गप्प बसला असता तर सुटला असता. पण मग या बाई जन्मभर स्वतःलाच बोल लावत राहिल्या असत्या, आणि वर त्याला आशीर्वाद देत राहिल्या असत्या. ते त्याला सोसलं नाही.

"बाई, लाईटचं खोटं आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "दोन्ही ठिकाणं एकाच डब्यात होती. मले माहीत होतं. तरी तुम्हाले काढाले सांगतलं."

बाईंनी एक थोबाडीत दिली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. पण त्यांनी पिशवीतून वही काढली, पेन उघडलं. त्या लहानपणीच शिकायला मामाकडे गेलेल्या. त्यांना स्वतःला आईची दोन-चारच गाणी येत होती.

"बेचाळीस चढवली ना तू," त्या म्हणाल्या. "एखादी तरी ओळ याद असेल. सांग, मी लिहून घेते."

लीलाधरला वर बघवेना.

"आवाज बंद करून चढवली होती, बाई. एकही ऐकलं नाही."