तीन पोती म्हणजे एक कोटी

आमच्या शाळेत रोज परिपाठाला एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंत म्हणायची पद्धत मी पाडली. वालूरच्या पुढचं खेडं, जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग माझा. ऑइलपेंटनं तक्ता रंगवला तोही मीच. कोटी, दशकोटी, अब्ज, दशअब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मुलं एका दमात म्हणत आणि पाहुणे टाळ्या वाजवत. तालुक्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनात प्रत्येक शाळेची एकच वस्तू जाते. बारा वर्षं आमच्या शाळेची वस्तू म्हणजे माझा तक्ता.

मग पालमकडच्या एक तरुण मॅडम बदलून आल्या. त्या सेलूत राहायच्या, एसटीनं यायच्या. पाचवी त्यांच्याकडे दिली.

त्यांनी मुलांना घरून मूठभर ज्वारी आणायला सांगितली. हजार दाणे मोजून घेतले, सोनाराच्या काट्यावर तोलून आणले. तीस ग्रॅम भरले. तिथून गुणाकार करत करत मुलं पोत्यांवर पोचली. क्विंटलभराचं एक, अशी तीन पोती ज्वारी म्हणजे एक कोटी दाणे.

"आमच्या घरी दीड कोटी हायेत!"

"तुमच्या अर्ध्यांला किडे लागलेत. आमचे दोन कोटी!"

हे सगळं भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीची आई मला फाटकापाशी भेटली. म्हणाली, "बाई, पोरगी आज्याच्या मागंच लागलीय. म्हणती, आपुन कोट्याधीश हाव, तुमी उगंच रडायलाव. म्हातारा लय हसला."

मीही हसले. पण पोटात दुखायचं ते दुखलंच. तीच मुलगी मागल्या वर्षी माझ्या वर्गात होती. परार्धापर्यंत न अडखळता म्हणायची. पण त्यातला एकही आकडा तिनं कधी घरी नेला नव्हता.

मला याद्यांची सवय आहे. किल्ल्या, खिचडीचं सामान, गैरहजर मुलं, सगळं वहीत असतं. त्या आठवड्यात शेवटच्या पानावर मी त्या मॅडमची यादी सुरू केली. बस उशिरा येते. वर्गात गोंगाट. ज्वारी सांडते, मुंग्या होतात. कोटीच्या पुढे शिकवत नाहीत. शेवटच्या मुद्द्याखाली दोन रेघा मारल्या.

तोच मुद्दा मी मधल्या सुट्टीत ऑफिसात सगळ्यांसमोर काढला. "कोटीपर्यंत ठीक आहे हो. खर्वाला किती पोती सांगणार?"

"बघते, ताई," एवढंच त्या म्हणाल्या. बाकीचे हात धुवायला गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "अब्जाला तीनशे पोती. दहा अब्जांना तीन हजार. पण जुन्या मोजणीत दहा अब्ज म्हणजेच खर्व ना, ताई? तक्त्यावर दशअब्ज वेगळं आहे अन् खर्व त्याच्या पुढं. पोरं विचारायलीत, कोणतं धरायचं?"

मी उठून तक्त्यासमोर गेले. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, म्हणजे एकंपासून अठरा नावं. माझ्या तक्त्यावर एकोणीस होती. लाख-दशलाख, कोटी-दशकोटी, म्हणून अब्ज-दशअब्ज. सगळं एका रांगेत बसावं म्हणून ती ओळ मीच घातली होती. तिच्यापुढची प्रत्येक संख्या दहापट फुगली होती. बारा वर्षं मुलांनी ती ओरडून म्हटली आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी हे चारचौघांत सांगितलं असतं तर मला भांडता आलं असतं. माझा प्रश्न चारचौघांत होता, त्यांचं उत्तर मात्र एकटीला. याचा मला जास्त राग आला.

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी प्रदर्शनाचा विषय काढला. त्यांची पंचाईत झालेली दिसत होती. "तुमचा तक्ता दरवर्षीच जातो, मॅडम. पण औंदा ज्वारीचंबी चांगलं हाय. तुमीच सांगा, काय करावं?"

"ज्वारी पाठवा," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "याला म्हणायचं मोठं मन!" मग त्या मॅडमकडे वळून म्हणाले, "शिका बरं का, यांच्याकडून. बारा वर्षांचा मान एका शब्दात सोडला."

तक्ता चुकलाय, पाठवण्याजोगा नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी हजेरीपट चाळत राहिले.

"हो, सर," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. प्रदर्शनाचा फॉर्म पुढे ओढून त्यांनी शाळेचं नाव लिहिलं, वस्तूचं नाव लिहिलं, सही केली. अक्षर मोत्यासारखं. मला तेही बघवलं नाही.